वॉरंट नाही, खटला नाही, मंग पोरगं आत काऊन?

मागच्या महिन्यात या पानावर पांदण रस्त्याच्या भानगडी झाल्या, म्हटलं या खेपेलाही शेतीवाडीच निघेल. पण टपाल अन व्हॉट्सॲप मिळून जे प्रश्न आले त्यातले निम्मे एकाच गोष्टीचे. माणूस उचलला, कोर्टात उभा केला नाही, अन तो आत. कोणी रेतीवाला, कोणी गडचिरोलीकडचा, एक पत्र तर पोलिसाच्या घरून. म्हणून यावेळी बाकी सगळं बाजूला ठेवलं. गावांची नावं मी काढून टाकली, तालुके राहू दिले.

वकीलसाहेब नमस्कार. माह्या मोठ्या पोराचे दोन ट्रॅक्टर हाये, रेतीच्या तीन केसा हाये त्याच्यावर, तिन्हीत जामीन झाला. दिवाळीच्या आधी पोलीस आले अन एमपीडीएची ऑर्डर हाये म्हणून घेऊन गेले, आता तो नागपूरच्या सेंट्रल जेलात हाये. म्हणते वर्षभर सुटत नाई. कोर्टात हजरच केला नाई. गावात लोकं म्हणते देशाच्या सुरक्षेचा कायदा लावला. माहं पोरगं काय अतिरेकी हाये का? वकील लावू का नको लावू? — एक बाप, ता. पवनी, जि. भंडारा

काकाजी, पहिले तो अतिरेक्याचा घोर सोडा. देशाच्या सुरक्षेचा म्हणतात तो रासुका, १९८० चा, केंद्राचा. तुमच्या पोराला लागला तो राज्याचा, १९८१ चा. त्याचं पूर्ण नाव सातबाऱ्याच्या उताऱ्याएवढं लांब आहे, झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार, धोकादायक व्यक्ती असं सुरू होतं अन पुढं जोडत जोडत त्यात वाळू तस्कर आले, काळाबाजारवाले आले. पेपरवाले नुसतं एमपीडीए लिहितात अन खाली "स्थानबद्ध". दोन्ही कायद्यांची जात मात्र एकच. माणसानं काय केलं याची ती शिक्षा नाही, पुढं काय करेल या अंदाजावर त्याला बांधून ठेवणं आहे. म्हणूनच कोर्टात हजर केला नाही. नेहमीच्या अटकेत चोवीस तासांत न्यायाधीशासमोर न्यावंच लागते, पण आपल्या घटनेच्या २२ व्या कलमातच लिहून ठेवलं आहे की प्रतिबंधक स्थानबद्धतेला हा नियम लागत नाही. सही जिल्हाधिकाऱ्याची असते, शहरात पोलीस आयुक्ताची. जामीन हा शब्दच तिथं चालत नाही कारण जामीन कशातून मागणार, केसच नाही.

आता तुमच्या हातातल्या कागदावर येऊ, कारण सगळा जीव त्या कागदात आहे. माझ्याकडं असा एक बाप आला होता, खताच्या पिशवीत गुंडाळून आणलेले दोनशेच्या वर झेरॉक्स पानं. वर ऑर्डर, मग "स्थानबद्धतेची कारणे", मग एफआयआरच्या कॉप्या, अन सगळ्यात शेवटी दोन जबाब, साक्षीदार "अ" अन साक्षीदार "ब". नाव नाही, गाव नाही, तारखेच्या जागी "सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात". दोघांचा जबाब शब्दाला शब्द सारखा, फक्त एकाला चौकात अडवून खिशातले बाराशे काढून घेतले अन दुसऱ्याला बसस्टँडवर अडवून नऊशे. खाली डीवायएसपीचा शेरा, पडताळणी केली, सत्य वाटते. मधली काही पानं तर इतकी काळी आली होती की एफआयआर आहे का नांगराचा फोटो आहे कळत नव्हतं. तुम्हाला ही बारीकसारीक वाटेल, पण याच बारीकसारीकवर हायकोर्ट ऑर्डरी रद्द करते. पान वाचताच येत नाही तर माणूस उत्तर काय देणार? भाषेचंही तेच. १९६२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका माणसाला कारणं इंग्रजीत दिली होती, त्यानं हिंदीत मागितली, सरकार म्हणालं सरकारी भाषा इंग्रजीच आहे. सुप्रीम कोर्टानं सांगितलं की माणसाला कळत नाही तर ती कारणं दिलीच नाही असं समजायचं, अन सोडून दिला. तेव्हा आज घरी गेल्यावर कंदील लावून, म्हणजे बल्ब लावून म्हणा, एकेक पान उलटा अन जे वाचता येत नाही त्याचा नंबर पेन्सिलीनं लिहून काढा.

मग तारखा पाहा. कारणं पाच दिवसांत हातात द्यावी लागतात. जिल्हाधिकाऱ्याच्या ऑर्डरवर राज्य सरकारची मंजुरी बारा दिवसांत लागते, नाही आली तर ऑर्डर मेली. तीन आठवड्यांत सगळं प्रकरण सल्लागार मंडळाकडं जावं लागते अन पकडल्यापासून सात आठवड्यांत मंडळानं सांगावं लागते की पुरेसं कारण आहे का नाही. मंडळात तीन जण असतात, हायकोर्टाचे जज राहिलेले किंवा व्हायच्या लायकीचे. मंडळ नाही म्हणालं तर सरकारला सोडावंच लागते. हो म्हणालं तर जास्तीत जास्त बारा महिने. तिथं वकील नेता येत नाही, पण वकील नसलेला एखादा ओळखीचा माणूस मदतीला मागता येतो, असं सुप्रीम कोर्टानं डिसेंबर १९८१ मध्ये रासुकाच्या निकालात म्हटलं आहे. शिकलेला भाचा असेल तर त्याचं नाव आत्ताच द्या.

वकील लावा, पण त्याच्या आधी पोराकडून निवेदन पाठवा, जेलरच्या हातून, एक जिल्हाधिकाऱ्याला, एक गृह विभागाला, एक मंडळाला. इथं मी स्वतः तोंडावर पडलो आहे म्हणून सांगतो. पहिल्यांदा असं प्रकरण आलं तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात सरळ नागपूर खंडपीठात गेलो, निवेदन दिलंच नाही, अन पाच आठवडे फुकट गेले. निवेदन पाठवलं अन सरकार त्यावर नुसतं बसून राहिलं तर तो उशीरच तुमच्या कामाचा असतो, मी तो पत्ताच हातातून टाकला होता. त्या माणसाची बायको मला अजून बाजारात दिसली की पदर सावरून पलीकडून जाते.

अन मुद्द्याचं म्हणाल तर रेती चोरली म्हणजे आपोआप एमपीडीए लागत नाही. न्यायमूर्ती हिदायतुल्ला, आपल्या नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले अन नागपूर हायकोर्टाचे चीफ जस्टिस राहिलेले, त्यांनी राम मनोहर लोहियांच्या केसमध्ये एकात एक तीन वर्तुळं सांगितली. सगळ्यात मोठं कायदा-सुव्यवस्था, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्था, अन अगदी आतलं राज्याची सुरक्षा. आठवडी बाजारात दोन बेवडे भिडले तर ते बाहेरच्या वर्तुळात. कोणी तलवार घेऊन आला अन अख्खा बाजार शटर पाडून पळाला तर दुसऱ्यात. एमपीडीए लावायला दुसऱ्या वर्तुळात जावं लागते. रात्री वैनगंगेतून ट्रॅक्टर भरला तर ती चोरी आहे, महसूलचा दंड आहे, नदीचा सत्यानाश आहे, ते मी नाकारत नाही काकाजी, घाटाजवळच्या विहिरींचं पाणी कुठं गेलं ते तुमच्या गावालाच विचारा. पण ट्रॅक्टर तलाठ्याच्या अंगावर घातला, गावात कोणी तक्रार द्यायला धजत नाही, असं असेल तर गोष्ट वेगळी होते. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रातल्याच एका हातभट्टीवाल्याची स्थानबद्धता याच फरकावर रद्द केली, अन त्याच्यावर तर गुन्हे तुमच्या पोरापेक्षा जास्त होते. तुमच्या पोराच्या तीन केसा कशा आहेत ते पत्रात नाही. ते लपवू नका, माझ्यापासून तर नकोच.

तडीपार अन स्थानबद्ध एकच का? आमच्या गावातल्या एकाला तडीपार केला पण तो तर चौकात पान खाताना दिसते. — ता. वणी, जि. यवतमाळ

उलटं आहे भाऊ. स्थानबद्ध म्हणजे आत ठेवला, तडीपार म्हणजे बाहेर हाकलला, मुंबईच्या जुन्या पोलीस कायद्याखाली, आता त्याला महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात, जास्तीत जास्त दोन वर्षं. त्यात आधी नोटीस देऊन म्हणणं ऐकून घ्यावं लागते. चौकात दिसते तर ठाण्यात सांगा, ते गुन्हा आहे. नाही तर असे लोकं वरोऱ्याला साळ्याकडं राहतात अन वणीचा धंदा फोनवर चालवतात.

माझे मिस्टर गडचिरोली पोलिसात आहेत, ऑपरेशनला जातात. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याला जे झालं त्यात त्यांच्या ओळखीचे होते. तेव्हापासून महाराष्ट्र दिनाला आमच्या घरी गोड होत नाही. तुमच्या पानावर नेहमी आरोपीचे हक्क, वकील, जामीन हेच असतं. संशय असला तर आत ठेवायला काय हरकत आहे? निर्दोष असला तर सुटेलच ना. आमचा माणूस गेला तर तो नाही सुटून येत. — एक बहीण, गडचिरोली

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं अन दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. कुरखेडा तालुक्यात त्या दिवशी नक्षल्यांच्या भुसुरुंगात १५ पोलीस अन गाडीचा ड्रायव्हर गेला. त्या घरांसमोर मी हक्कांचं पुस्तक उघडून बसणार नाही.

अन तुमचं अर्धं म्हणणं मला मान्यच आहे, हे आधी सांगतो म्हणजे पुढचं ऐकून घ्याल. जंगलात साक्षीदार मिळत नाही. जो साक्ष देईल त्याला खबऱ्या म्हणून रात्री घरातून ओढून मारतात अन सकाळी रस्त्यावर अंगावर चिठ्ठी ठेवलेला सापडतो, हे तुमच्या जिल्ह्यात किती वेळा झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तिथं "साक्षीदाराचं नाव सांगा नाही तर सोडा" असं म्हणणारा वकील शहाणा नाही. कुठं सुरुंग पेरला याची पक्की खबर आहे अन माणूस हातात आहे तर त्याला थांबवलाच पाहिजे, कायद्यात ती सोय नसती तर मीच मागितली असती.

माझी अडचण तुमच्या एका शब्दाशी आहे. "सुटेलच". कधी सुटेल?

गडचिरोलीच्याच कोर्टातली केस घ्या. प्राध्यापक साईबाबा, दिल्लीत इंग्रजी शिकवणारे, ९० टक्के अपंग, व्हीलचेअरवर, आरोप माओवाद्यांशी संबंधाचा. २०१४ मध्ये अटक, मधे काही काळ जामिनावर बाहेर, मार्च २०१७ मध्ये गडचिरोली सेशन कोर्टानं जन्मठेप दिली. ऑक्टोबर २०२२ मध्ये नागपूर खंडपीठानं सोडलं, दुसऱ्याच दिवशी सुप्रीम कोर्टानं तो निकाल थांबवला, परत ऐकायला पाठवलं, अन ५ मार्च २०२४ ला खंडपीठानं पुन्हा सोडलं. त्याच्या सात महिन्यांनी ते वारले. त्यांच्यासोबतचा एक आदिवासी आरोपी, पांडू नरोटे, तो तर २०२२ च्या निकालाच्या दोन महिने आधीच नागपूर जेलात असताना मेला. त्याची निर्दोष सुटका झाली ती मेल्यावर. आता त्या माणसांबद्दल तुमचं मत काही असो, माझं काही असो, पहिल्यांदा सुटले ते कशावर सुटले पाहा. यूएपीए, म्हणजे बेकायदेशीर कारवाया रोखायचा केंद्राचा कायदा, त्यात खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते, त्याच्याआधी एका स्वतंत्र अधिकाऱ्यानं पुरावा पाहून कामाच्या सात दिवसांत शिफारस द्यायची, मग कामाच्या सात दिवसांत मंजुरी. साईबाबांची मंजुरी खटला सुरू झाल्यावर आली अन बाकीच्यांच्या शिफारशीत कारणंच नव्हती. म्हणजे दोनदोन आठवड्यांचं कागदाचं काम कोणीतरी धड केलं नाही अन त्यात आठ-दहा वर्षं गेली. आरोपी दोषी होते असं मानलं तर ही पोलिसांची हार आहे, नव्हते असं मानलं तर विचारायलाच नको. दोन्हीकडून नुकसान त्या कागदानंच केलं.

अन यूएपीए म्हटला की तो नावाला खटला असते, पण आरोपपत्रालाच १८० दिवस मिळू शकतात अन जामिनाचं कलम असं की कोर्टाला वरवर पाहता आरोप खरा वाटला की जामीन नाही. २०२१ मध्ये केरळच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टासमोर माणूस पाच वर्षांच्या वर आत होता अन अजून २७६ साक्षीदार तपासायचे बाकी होते, तेव्हा कोर्ट म्हणालं कलम काहीही म्हणो, इतका उशीर घटनेत बसत नाही, जामीन द्या. सुटेलच म्हणता ते असं.

आता एक गोष्ट अशी सांगतो जी तुमच्या मिस्टरांना विचारून पाहा, मी चुकत असेल तर कळवा. सुरुंग कुठं आहे हे पोलिसाला मशीन सांगते का गाव सांगते? गावच सांगते. ज्या गावात रात्री बंदूकवाले आले अन भात शिजवून द्यायला लावला, अन सकाळी पोलीस आले अन भात कोणी शिजवला विचारत एका पोराला घेऊन गेले, ते पोरगं चार वर्षांनी काहीच सिद्ध न होता परत आलं, तर त्या गावचं तोंड पुढच्या वेळी उघडेल का? इंग्रजांनी उत्तर आयर्लंडमध्ये ऑगस्ट १९७१ मध्ये हे करून पाहिलं, एका झटक्यात ३४२ माणसं बिनाखटला उचलली, यादी जुनी होती, कितीतरी भलतीच माणसं निघाली, अन त्यानंतर तिथला रक्तपात कमी व्हायच्या ऐवजी भडकला. चार वर्षांनी बंद करावं लागलं. म्हणून मी कागद, तारीख म्हणून ओरडत असतो ताई, आरोपीच्या प्रेमानं नाही. येत्या एक मेला मी तुमच्या गावावरून जाणार आहे, चालेल म्हणाल तर चहाला येतो.

सर मी एमपीएससीची तयारी करत आहे. मूलभूत हक्कांच्या भाग तीनमध्येच बिनाखटला स्थानबद्धता कशी काय आली? बाबासाहेबांनी हे कसं येऊ दिलं? क्लासच्या नोट्समध्ये फक्त तीन महिने एवढंच आहे. — ता. अचलपूर, जि. अमरावती

नोट्स फेकू नको पण त्यावर विसंबू पण नको. झालं असं की संविधान सभेत आत्ताचं २१ वं कलम, तेव्हा ते १५ वं होतं, त्यातून "ड्यू प्रोसेस", म्हणजे पद्धत न्याय्यही असली पाहिजे, हे शब्द काढून "कायद्याने ठरवून दिलेली पद्धत" असं ठेवलं. म्हणजे संसदेनं कसाही कायदा केला अन त्यातल्या पद्धतीनं आत टाकलं की झालं. यावर बोंब झाली. तेव्हा सप्टेंबर १९४९ मध्ये बाबासाहेबांनी १५-अ हे नवं कलम आणलं, तेच आजचं २२ वं, अन स्वतःच सांगितलं की आधी जे झालं त्याची ही भरपाई आहे. चोवीस तास, वकील, अटकेचं कारण हे त्यातूनच आलं. सोबत स्थानबद्धताही आली, कारण देशाची तेव्हाची परिस्थिती पाहता सुव्यवस्था किंवा सैन्य बिघडवणाऱ्या माणसाला सरकारला रोखावं लागू शकते अन तिथं एकट्याचं स्वातंत्र्य राज्याच्या हितावर ठेवता येत नाही, असं त्यांनी सभागृहात सांगितलं. तेव्हा "कसं येऊ दिलं" यापेक्षा, येणारच होतं त्याला दावं कसं बांधलं असं पाहा. दाव्याची लांबी पुरेशी आहे का, यावर भांडता येते, मी भांडतोच.

अन तीन महिन्यांचं तुला परीक्षेत अन आयुष्यातही कामी येईल असं सांगतो. आणीबाणीनंतर ४४ वी घटनादुरुस्ती झाली, १९७८ ची. तिच्यात लिहिलं की सल्लागार मंडळाशिवाय ठेवायची मुदत तीनवरून दोन महिने करा अन मंडळाचा अध्यक्ष हायकोर्टाचा चालू जज असावा. संसदेनं पास केलं, राष्ट्रपतींची सही झाली. पण ते एवढं कलम लागू करायची अधिसूचना आजपर्यंत निघालीच नाही. मधे सगळ्या रंगाची सरकारं येऊन गेली, आणीबाणीत स्वतः आत बसलेलेही सत्तेवर येऊन गेले. एका कागदावर सही करायची आहे बस. आमच्या ग्रामपंचायतीत पाण्याच्या टाकीचा ठराव असाच पडून आहे, पण तो निदान दहा वर्षांचाच.

काश्मीरचं पण लक्षात ठेव. तिथला पब्लिक सेफ्टी ॲक्ट १९७८ मध्ये शेख अब्दुल्लांच्या सरकारनं आणला, तेव्हा सांगितलं की लाकूड तस्करांसाठी आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये त्यांचाच मुलगा, तीनदा मुख्यमंत्री झालेले फारुख अब्दुल्ला, त्याच कायद्याखाली स्वतःच्या घरात बंद होते. आपल्या रेतीवाल्याच्या कायद्याकडं मी त्याच नजरेनं पाहतो.

मी १९७५ मध्ये २१ वर्षांचा होतो, मिसात, म्हणजे अंतर्गत सुरक्षेच्या कायद्याखाली, १४ महिने नागपूर जेलात होतो. आता सरकार आम्हाला मानधन देते, सत्कार करते, शाल देते. आणि इकडे बिनाखटला आत टाकणं चालूच आहे. मला ती शाल अंगावर घ्यायला लाज वाटून राहिली. मी चुकतो का? — एक म्हातारा, ता. आर्वी, जि. वर्धा

दादाजी, शाल घ्या, थंडी सुरू झाली आहे. लाज तुम्हाला काऊन वाटावी?

तुमचा आर्वी-आष्टीचा अन तिकडं चिमूरचा मुलूख तर यात जुना आहे. १९४२ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना चंद्रपुरात पकडलं, नागपूर अन रायपूरच्या जेलात ठेवलं. खंजिरी वाजवणाऱ्या माणसाची सरकारला इतकी भीती. तेव्हा साहेब परका होता, एवढंच मनाला सांगता तरी येत होतं.

मिसा १९७१ चा. आणीबाणीत तो इतका वाकवला की कारणं सांगायचीसुद्धा गरज ठेवली नाही. तुम्हाला आठवत असेल, लोकं हायकोर्टात गेले अन देशातल्या कितीतरी हायकोर्टांनी म्हटलं की आणीबाणी असली तरी आम्ही एवढं पाहू की अटक कायद्याला धरून आहे का. त्यात आपलं नागपूर खंडपीठही होतं, हे या भागात फार कोणाला माहीत नाही. सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं. तिथं न्यायमूर्ती खन्नांनी सरकारी वकिलाला विचारलं की एखाद्या पोलिसानं खासगी दुश्मनीतून माणूस मारला तरी कोर्टात जाता येणार नाही का, अन उत्तर आलं, आणीबाणी आहे तोवर नाही. २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक असा निकाल लागला, सरकारच्या बाजूनं. एकटे खन्ना विरोधात. त्यांची सरन्यायाधीश व्हायची पाळी आली तेव्हा त्यांना डावलून ज्युनिअरला बसवलं, त्यांनी राजीनामा दिला. चौघांतले एक न्यायमूर्ती चंद्रचूड, अन २०१७ मध्ये त्यांच्या मुलानंच, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी, तो निकाल चूक होता असं लिहिलं, बाकीचे जज सोबत होते. एक्केचाळीस वर्षं लागली. तुमचे चौदा महिने कोणी परत केले नाही.

जुलै २०२५ मध्ये राज्याच्या विधिमंडळानं जे जनसुरक्षा विधेयक पास केलं त्यावर पण तुम्ही दोन पानं लिहिली आहेत, ते मुख्यतः संघटनेवर बंदी घालण्याचं आहे, वेगळं प्रकरण आहे, पुढं कधी. आत्ता एकच विनंती, सत्काराला तुम्हाला माईक देतील. तेव्हा पाच मिनिटं जेलच्या आठवणी सांगता तसं एक मिनिट ते ४४ व्या दुरुस्तीचं पडून राहिलेलं कलम सांगा, समोर आमदार बसलेला असतेच.

माझ्या भावाले रात्री अकरा वाजता साध्या कपड्यातले चार जण घेऊन गेले, चौकशी हाये म्हणाले, कोणतं ठाणं ते सांगितलं नाई. दोन दिवस झाले. मी कोणाले फोन करू? मले फक्त सातवीपर्यंत शिक्षण हाये. — ता. कोरची

ताई तुमचा मेसेज आला त्याच दिवशी मी फोन केला, भाऊ तिसऱ्या दिवशी घरी आला हे कळलं. पण असा प्रश्न बाकीच्यांनाही पडते म्हणून लिहितो. "चौकशी" हा शब्द लई लबाड आहे. चौकशीला बोलवायचं तर नोटीस देतात, कागदावर. उचलून नेलं अन परत येऊ देत नाही तर ती अटकच झाली, नाव काही द्या. अटक झाली की कारण लेखी द्यावं लागते, घरच्या एकाला कळवावं लागते, कुठं ठेवला ते सांगावं लागते, अन प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यावं लागते. कोरचीहून कोर्ट दूर आहे, पण दोन दिवसांचा रस्ता नाही.

१५१०० हा नंबर भिंतीवर कोळशानं लिहून ठेवा, विधी सेवा प्राधिकरणाचा आहे, फुकट वकील देतात, शिक्षण विचारत नाही. फोनवर तीन गोष्टी सांगायच्या, किती वाजता नेला, गाडीचा रंग किंवा नंबर, अन पाहणारा दुसरा कोण होता. त्या तीन गोष्टी त्याच रात्री पोराच्या वहीत लिहून ठेवा, सकाळपर्यंत डोक्यात घोळ होतो. मग पोलीस पाटलाला सोबत घेऊन ठाण्यात जा, अर्ज द्या, अन दुसऱ्या प्रतीवर शिक्का मागा. नाही देत म्हणाले तर तोच अर्ज पोस्टातून रजिस्टर करून एसपीला पाठवा, पावती जपा. दोन-तीन दिवस पत्ताच लागत नाही तर नागपूर खंडपीठात हेबियस कॉर्पस लावता येते, म्हणजे कोर्ट म्हणते माणूस समोर आणून उभा करा. त्यासाठी पहिले तेच विचारतात, किती वाजता नेला.

पवनीच्या काकाजींसाठी परत एकदा. तुमच्या पत्रात सगळं आहे, पण ऑर्डर पोराच्या हातात पडली ती तारीख नाही. "दिवाळीच्या आधी" चालत नाही. ऑर्डरच्या शेवटच्या पानावर त्याची सही अन तारीख असेल, ती पाहा. मंगळवारी अन शुक्रवारी दोननंतर मी कोर्टासमोरच्या टपरीवर असतो. पिशवी अख्खी आणा, काळी पानं टाकून देऊ नका.